इंटरनेटवरील फसव्या खिडक्या : भिऊ नका, घाई करू नका



मागच्या आगमनकाळातील एका शनिवारची संध्याकाळ. रविवारच्या मिस्साची गीते छापायची राहिली होती, म्हणून आम्ही पॅरिश ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका गीताची चाल शोधत होतो. एका ठिकाणी क्लिक केले आणि सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजू लागला. एक बाई इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगू लागली की, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, तुमच्या बँकेची माहिती चोरली जात आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब पुढील क्रमांकावर फोन करा. खाली कंपनीचे चिन्ह, कॉम्प्युटरमधील विंडोजचे नाव आणि गावाचे नाव. माऊसचा बाणही दिसेनासा झाला.

खरे सांगायचे तर आम्ही घाबरलो. त्या कॉम्प्युटरमध्ये स्नानसंस्कार आणि विवाहांच्या नोंदींच्या प्रती होत्या, चर्चदुरुस्तीचा हिशेब होता. आम्ही खिशातून मोबाईल काढला आणि क्रमांक दाबायला सुरुवातही केली. तेवढ्यात मेणबत्त्या घेऊन आलेला दहावीतला वेदीसेवक दारातूनच म्हणाला, "फादर, फोन करू नका. आधी एस्केपचं बटण दाबून धरा." त्याने स्वतःच येऊन ते बटण दोन-तीन सेकंद दाबून धरले, मग ब्राऊजर बंद केला. भोंगा थांबला. कॉम्प्युटर जसाच्या तसा होता. "नुसतं चित्र असतं ते, फादर," तो म्हणाला आणि मेणबत्त्या ठेवायला निघून गेला.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. खरे काय आणि भासमान काय यावर परीक्षेत पाने भरून लिहिले. पण त्या दिवशी भास ओळखला तो दहावीतल्या मुलाने. ही गोष्ट आम्ही कदाचित कुणाला सांगितलीही नसती. पण त्यानंतर काही दिवसांनी मिस्सा संपल्यावर एक निवृत्त शिक्षिका बाई बाजूला येऊन हळूच म्हणाल्या, "फादर, कुणाला सांगू नका." त्यांच्यासमोरही असाच पडदा आला होता. त्यांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने गोड बोलून त्यांच्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला आणि निवृत्तीच्या रकमेतला मोठा भाग गेला. बाईंना पैशापेक्षा जास्त टोचत होते ते वेगळेच. अकरा दिवस त्यांनी हे कुणालाही सांगितले नव्हते, स्वतःच्या मुलालाही नाही. त्यांच्या संमतीने, नाव-गाव वगळून, ही हकीकत येथे दिली आहे. हा लेख त्या अकरा दिवसांमुळे लिहीत आहोत.

१. ही खिडकी आली कुठून?

कॉम्प्युटरवर आपण एक पान वाचत असताना आपोआप उघडणाऱ्या दुसऱ्या खिडकीला 'पॉप-अप' म्हणतात. तिचा जन्म फसवणुकीसाठी झाला नव्हता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ट्रायपॉड या कंपनीत काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. एका मोटार कंपनीची जाहिरात एका अश्लील पानावर झळकली होती आणि ती कंपनी नाराज झाली होती. जाहिरात पानापासून वेगळी ठेवावी, एवढाच हेतू होता. पुढे या युक्तीचा जगभर इतका त्रास झाला की २०१४ साली त्यांनी एका लेखातून जाहीरपणे माफी मागितली.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि काही वर्षांत सांगली-साताऱ्यापर्यंत सायबर कॅफे पोहोचले. त्या काळी तासाला पैसे मोजून बसलेल्यांना आठवत असेल : एक खिडकी बंद केली की तीन उघडत. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या मोठ्या सुधारणेबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पॉप-अप अडवण्याची सोय आली. इतर ब्राऊजरांनीही ती दिली. जाहिरातींचा त्रास पुष्कळ कमी झाला, पण फसवणाऱ्यांनी वेश बदलला. आता खिडकी काही विकत नाही, ती घाबरवते.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. मायक्रोसॉफ्टने २०२१ साली सोळा देशांत पाहणी केली. त्यात भारतातील शंभरापैकी ६९ जणांनी आपल्याला अशा बनावट तांत्रिक मदतीचा अनुभव आल्याचे सांगितले. जगाची सरासरी ५९ होती. भारतात ३१ टक्के लोक पुढे बोलत गेले आणि त्यांचे पैसे गेले. आणि फसतात ते फक्त म्हातारे, हाही समज त्या पाहणीने खोटा ठरवला. "मला सगळं कळतं" म्हणणारे तरुणही त्यात भरपूर होते.

२. पडदा काय करू शकतो आणि काय नाही

भीती जायची असेल तर त्या पडद्यामागे काय आहे हे समजून घेतले पाहिजे.

इंटरनेटवरचे पान हे आपल्या घराच्या ओटीवर बसलेल्या परक्या माणसासारखे असते. ब्राऊजर त्याला माजघरात येऊ देत नाही. पान तुमच्या कॉम्प्युटरमधील फायली तपासू शकत नाही, व्हायरस 'शोधू' शकत नाही. म्हणून "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १७ व्हायरस सापडले" असे एखादे पान म्हणत असेल तर ते खोटे बोलत आहे. तो आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो.

मग त्याला आमच्या विंडोजचे नाव कसे कळले? तुमचा ब्राऊजर प्रत्येक पानाला ही माहिती नेहमीच देतो, म्हणजे पान नीट दिसावे. गावाचे नाव इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून अंदाजाने काढलेले असते. तो अंदाज पुष्कळदा चुकतो. मिरजेत बसलेल्या माणसाला पुणे किंवा मुंबई दिसते. दारावर आलेल्या भोंदूने तुमच्या पाटीवरचे आडनाव वाचून "पाटीलसाहेब, तुमच्यावर संकट आहे" म्हणावे, तेवढीच ही सिद्धी.

भोंगा आणि बाईचा आवाज म्हणजे ध्वनिमुद्रण. सगळा पडदा व्यापणे म्हणजे आपण चित्रफीत मोठी करून पाहतो तीच सोय. ती सुरू व्हायला तुमचा एक क्लिक लागतो, म्हणून आधी "पुढे जा" असे एखादे बटण दाबायला लावतात. बाण दिसेनासा होणे हीसुद्धा त्या पानातच लिहिलेली करामत असते.

एक गोष्ट पाठच करून ठेवावी. मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर केले आहे की, त्यांच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन क्रमांक कधीही नसतो. पडद्यावर धोक्याची सूचना आणि तिच्यात फोन क्रमांक दिसला, की ती बनावट आहे असे खुशाल समजावे.

३. युक्ती जुनीच आहे

आपल्या गावांत तोतया पोलिसांची फसवणूक सर्वांना ठाऊक आहे. सकाळी फिरायला निघालेल्या आजीला मोटारसायकलवरचे दोघे अडवतात. "आजी, पुढे खून झालाय. आम्ही पोलीस आहोत. अंगावरचे दागिने काढून रुमालात बांधा." आजी स्वतःच्या हाताने पाटल्या काढून देते. घरी येऊन रुमाल सोडते तर आत खडे. दागिने उजळून देतो म्हणून दारात येणाऱ्यांचाही प्रकार तोच.

या प्रसंगात चार गोष्टी आहेत : भय (खून झालाय), अधिकार (आम्ही पोलीस), घाई (आत्ताच काढा) आणि एकटेपणा (आजी रस्त्यावर एकटी आहे). लाल पडद्यात हीच चार पाने आहेत. व्हायरस हे भय. नामांकित कंपनीचे चिन्ह हा अधिकार. "पाच मिनिटांत फोन करा" ही घाई. आणि "कॉम्प्युटर बंद करू नका, कुणाशी बोलू नका" हा एकटेपणा. अलीकडे फोनवर 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देणारेही याच चार गोष्टी वापरतात. भारताच्या कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' अशी कोणतीही गोष्ट नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हे स्पष्ट सांगितले होते आणि थांबा, विचार करा, मग कृती करा, असा सल्ला दिला होता.

'तोतया' शब्द आपल्याला इतिहासातूनही परिचित आहे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करून एक माणूस पुढे आला आणि १७७६ साली त्याने मोठे बंड उभे केले. शहाण्यासुरत्या लोकांनीही त्याला साथ दिली. भाऊ जिवंत असावेत असे त्यांना मनापासून वाटत होते, हे त्याचे एक कारण होते. फसवणारा नेहमी आपल्या मनातल्या भीतीचा किंवा इच्छेचा हात धरून आत येतो. "तुम्हाला बक्षीस लागले आहे" ही खिडकी इच्छेचा हात धरते, "तुमचे खाते बंद होईल" ही भीतीचा.

४. घाईवर उतारा : पाच पायऱ्या

संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात शहाणपणाच्या विरुद्ध असलेल्या दोषांत घाईचा वेगळा विचार केला आहे. त्यांची कल्पना अशी : माणसाची बुद्धी वरच्या मजल्यावर आहे आणि कृती तळमजल्यावर. खाली यायला पायऱ्या आहेत. जो एकेक पायरी उतरतो तो विचारपूर्वक वागतो. जो पायऱ्या सोडून उडी मारतो तो उतावळा. त्यांनी पायऱ्याही सांगितल्या आहेत. आमच्या त्या शनिवारच्या प्रसंगाला त्या लावून पाहू.

पहिली पायरी स्मृती. असे पूर्वी कुणाला झाले होते का? तोतया पोलिसांची बातमी आम्ही कितीदा वाचली होती! त्या क्षणी आठवली नाही.

दुसरी पायरी, समोर आहे ते समजणे. खरोखर काय झाले आहे? एक पान लाल झाले आहे आणि आवाज येत आहे. एवढेच. बाकी सगळे ते पान *म्हणत* आहे.

तिसरी पायरी, पुढचे ओळखण्याची चतुराई. मी फोन केला तर पुढे काय होईल? अनोळखी माणूस पैसे मागेल किंवा कॉम्प्युटरमध्ये शिरू द्या म्हणेल. फोन केला नाही तर काय होईल? काहीही नाही.

चौथी पायरी तर्क. दुरुस्ती करणाऱ्या कंपनीला माझ्या एका कॉम्प्युटरचा व्हायरस कसा दिसला? आणि दिसला असेल तर ती भोंगा वाजवून का सांगेल?

पाचवी पायरी, दुसऱ्याचे ऐकण्याची तयारी. येथे वय आणि पदवी आडवी येते. वेदीसेवकाचे ऐकावे लागले याचे आम्हाला क्षणभर वाईट वाटलेही. पण संत थॉमस म्हणतात की कुणीही माणूस सर्व बाबतीत स्वतःला पुरेसा नसतो.

या पाच पायऱ्या उतरायला अर्धे मिनिट पुरते. ते अर्धे मिनिट आपल्याला मिळू नये, यासाठीच तो भोंगा असतो.

५. अशी खिडकी समोर आली तर

कृपया ही यादी कापून कॉम्प्युटरजवळ लावावी.

१) त्या पानावर कुठेही क्लिक करू नका. 'रद्द करा', 'नको' किंवा फुलीचे चित्रही फसवे असू शकते. आवाज कमी करा. आवाज गेला की निम्मी भीती जाते.

२) एस्केपचे बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. पडदा लहान होईल. मग ब्राऊजरची नेहमीची फुली दिसेल, ती दाबा.

३) तसे न झाल्यास ऑल्ट आणि एफ-४ ही बटणे एकत्र दाबा. तेही न चालल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राऊजरचे नाव निवडून 'एंड टास्क' करा.

४) काहीच जमले नाही तर कॉम्प्युटरचे पॉवर बटण दाबून धरा. "बंद केल्यास माहिती नष्ट होईल" ही धमकी खोटी असते.

५) ब्राऊजर पुन्हा उघडल्यावर "आधीची पाने पुन्हा उघडू का?" असे विचारल्यास नाही म्हणा. नाहीतर तोच पाहुणा परत येईल.

६) मोबाईलवर असे झाल्यास उघडलेल्या अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन ब्राऊजर सरकवून बंद करा.

७) मनाच्या समाधानासाठी कॉम्प्युटरमधील स्वतःच्या अँटिव्हायरसने तपासणी करा. विंडोजमध्ये तो मुळातच दिलेला असतो, वेगळा विकत घ्यावाच लागतो असे नाही.

पडद्यावरचा क्रमांक कधीही फिरवू नका. बँकेशी बोलायचे असेल तर क्रमांक पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या. गुगलवर शोधूनही घेऊ नका, कारण तेथेही बनावट क्रमांक पेरलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार भारतीय बँकांना आपले संकेतस्थळ 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता साधारणपणे 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट निक डॉट इन' असा संपतो. पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय लावून घ्यावी. सुरुवात कुणीही हवी तशी लिहू शकतो.

६. याच कुटुंबातील इतर प्रकार

'अलाऊ' चे बटण. काही पाने "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा" असे सांगतात. ते दाबले की आपण त्या पानाला कायमची सूचना पाठवण्याची परवानगी देऊन बसतो. मग ब्राऊजरमध्ये ते पान उघडे नसतानाही कोपऱ्यात व्हायरसच्या खोट्या सूचना येत राहतात. उपाय सोपा आहे : ब्राऊजरच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स' येथे जाऊन अनोळखी नावे काढून टाका.

'ही बटणे दाबा' ची सूचना. अलीकडे पसरलेला हा प्रकार जास्त घातक आहे. पान सांगते की विंडोजचे बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. असे करणारा माणूस स्वतःच्या हाताने चोराचा आदेश कॉम्प्युटरला देत असतो. ओटीवरच्या माणसाला आपणच माजघराची किल्ली दिली असे होते. कोणतेही खरे पान असे करायला सांगत नाही.

'फ्लॅश प्लेअर अपडेट करा.' फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचा बंद झाला. आज कुणी तो अपडेट करायला सांगत असेल तर त्याचा हेतू उघड आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी 'एपीके' फाईल. वाहनाचे ई-चलन, लग्नाची पत्रिका, बँकेचे केवायसी अशा नावाने ती येते. पत्रिका हे चित्र असते, ते अ‍ॅप नसते. अशी फाईल बसवली की मोबाईलवरचे ओटीपी दुसऱ्याला वाचता येऊ शकतात. ओळखीच्या नंबरावरून आली तरी उघडू नका. त्या ओळखीच्या माणसाचा मोबाईल आधीच फसलेला असू शकतो.

वीज आज रात्री तोडली जाईल असा संदेश. महावितरणने असे संदेश बनावट असल्याचे वारंवार सांगितले आहे.

हयातीचा दाखला. आपल्या धर्मग्रामात आणि एकंदर सातारा-सांगली भागात निवृत्त सैनिक, शिक्षक आणि सरकारी कर्मचारी पुष्कळ आहेत. नोव्हेंबर आला की दाखल्यासाठी धावपळ सुरू होते आणि "पेन्शन थांबेल" असे फोन आणि दुवे येऊ लागतात. दाखल्यासाठी स्वतः बँकेत किंवा पोस्टात जावे, अथवा घरच्या माणसाने सरकारी 'जीवन प्रमाण' सेवा वापरून द्यावा. फोनवर ओटीपी सांगून कुणाचाही दाखला होत नसतो.

आणखी एक. विंडोज १० चे नेहमीचे मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे त्यांनी जाणकाराला विचारून पुढची व्यवस्था करावी. मात्र हे निमित्त करून येणाऱ्या फोनवर विश्वास ठेवू नये.

७. चूक झालीच तर

मनुष्य आहे, चूक होणारच. अशा वेळी पुढील क्रमाने वागावे.

फोन चालू असेल तर बंद करा. कॉम्प्युटरचे इंटरनेट तोडा, वायर काढा किंवा वायफाय बंद करा. 'एनीडेस्क', 'टीमव्ह्यूअर' यांसारखे दुसऱ्याला आपला पडदा दाखवणारे अ‍ॅप बसवले असेल तर काढून टाका. ही अ‍ॅप्स स्वतः वाईट नाहीत, कार्यालयांत ती रोज वापरली जातात. पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ती बसवणे म्हणजे घर उघडून देणे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याबाबत सावध केले होते.

लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीची मदतवाहिनी आहे. तक्रार नोंदली की संबंधित बँकांना कळवले जाते आणि पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी तो गोठवण्याचा प्रयत्न होतो. चोर पैसे तासाभरात अनेक खात्यांतून फिरवतात, म्हणून येथे मात्र घाई हवी. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा फोन क्रमांक जवळ ठेवा. तक्रार 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावरही करता येते. त्यानंतर बँकेला कळवून खाते आणि कार्ड रोखा, दुसऱ्या मोबाईलवरून पासवर्ड बदला आणि पोलीस ठाण्यात जा.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातील तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकानेच ओटीपी वा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. म्हणजे दोन्ही बाबतींत प्रश्न एकच : कळवले केव्हा?

आता त्या शिक्षिका बाईंकडे पुन्हा वळू. त्या पहिल्याच तासात बोलल्या असत्या तर काही रक्कम कदाचित वाचली असती. त्या का बोलल्या नाहीत? "मुलगा म्हणेल, आई, तुला कळत नाही का? सून म्हणेल, आता तुमच्या हातात मोबाईल नको." बंधुभगिनींनो, हे आपण आपल्या घरात म्हणतो. चोराला मदत करणारे सर्वांत मोठे हत्यार आपल्या तोंडातले ते वाक्य आहे. फसवले जाणे हे पाप नाही. पापकबुलीच्या जागी येऊन ते सांगण्याची गरज नाही, पण घरच्यांना सांगण्याची गरज आहे आणि घरच्यांनी ते रागावल्याशिवाय ऐकण्याची गरज आहे.

८. फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण?

हा भाग लिहिताना आम्हाला जड जाते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेतील लोकांना आयकर अधिकारी असल्याचे भासवून फोन केले जात आणि अटकेची भीती घालून पैसे उकळले जात. शेकडो कर्मचारी ताब्यात घेतले गेले, सत्तर जणांना अटक झाली. त्यांत विशी-पंचविशीतील मुले-मुली पुष्कळ होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र' नावाची देशव्यापी मोहीम राबवली. तेव्हा अमेरिकेतील लोकांना फसवणारे एक कॉल सेंटर पुण्यात सापडले, एक अहमदाबादला. ऑक्टोबर २०२३ मधील दुसऱ्या मोहिमेत तर बनावट तांत्रिक मदतीचेच प्रकरण होते : पडद्यावर खोटी सूचना, खाली क्रमांक आणि तो उचलणारा आपल्या देशातला तरुण.

कराड, इस्लामपूर, जत, फलटण येथून आपली मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात. इंग्रजी बरे असले की कॉल सेंटरची नोकरी लवकर मिळते. बहुतेक कॉल सेंटरे प्रामाणिक आहेत, हे आवर्जून सांगतो. पण जेथे रात्रपाळीत स्वतःचे खोटे नाव सांगायला लावतात, नेमणुकीचे पत्र देत नाहीत, पगार रोख देतात, मोबाईल बाहेर ठेवायला लावून "ग्राहकाला फोन ठेवू देऊ नका" असे शिकवतात, तेथून मुलाने बाहेर पडावे. "मी फक्त लिहून दिलेले वाचतो" हा बचाव टिकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी नुसार कॉम्प्युटरच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपले बँक खाते 'भाड्याने' देणाऱ्या विद्यार्थ्यांच्याही दारात पोलीस येतात, कारण चोरीचा पैसा त्या खात्यातून गेलेला असतो.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. फोनवर थरथरत्या आवाजात बोलणारी ती परदेशातील म्हातारी कुणाची तरी आई असते. आपल्या शिक्षिका बाईंसारखीच. मुलाच्या पगाराचा आकडा विचारताना "तू दिवसभर नेमकं काय करतोस रे?" हेही आईवडिलांनी एकदा विचारावे.

९. घरात बसून बोलण्यासाठी

या रविवारी जेवणानंतर सर्वांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांवर बोलावे.

• आपल्या घरात कुणाला असा पडदा, फोन किंवा संदेश आला आहे का? त्यावेळी मनात काय आले?

• संत थॉमस यांच्या पाच पायऱ्यांपैकी आपण नेहमी कोणती गाळतो?

• आजी-आजोबांची चूक झाली तर ते सर्वांत आधी कुणाला सांगतील? त्या व्यक्तीने आजच त्यांना शब्द द्यावा की ती रागावणार नाही.

• १९३० हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे का? नसेल तर उठण्यापूर्वी घालून घ्यावा.

पुढचे चार रविवार दुसऱ्या मिस्सानंतर युवक मंडळाची मुले पॅरिश ऑफिसात बसतील. ज्येष्ठांनी आपला मोबाईल घेऊन यावे. मुले ब्राऊजरमधील नको त्या परवानग्या काढून देतील आणि एस्केपचे बटण कसे दाबून धरायचे ते दाखवतील. मुलांना सूचना अशी की, कुणाचाही पिन वा पासवर्ड विचारायचा नाही आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तरी हसायचे नाही.

प्रभूने शिष्यांना पाठवताना सर्पाचे आणि कबुतराचे नाव एका दमात घेतले होते. आपण कबुतर व्हायला पटकन तयार होतो, अर्धे वचन मात्र विसरतो. ते अर्धे वचन आम्हाला त्या शनिवारी मेणबत्त्या घेऊन आलेल्या मुलाने आठवून दिले. त्याचे आभार मानायचे राहिले होते, ते येथे मानतो.

आपले धर्मगुरू